काजूच्या बागेत डुकरं येतात, स्वस्तातली बोल्ट ॲक्शन शिकारी रायफल कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: गोव्यात वाळपईजवळ काजूची बाग आणि थोडं कुळागर (सुपारी-केळीची बागायत) आहे, रानडुकरं सुरण-केळी उकरून टाकतात, लाखभर रुपये हाताशी आहेत, यूट्यूबवर रुगर, सॅव्हेज, टिक्का या बोल्ट ॲक्शन रायफली (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस चढवायच्या) बघितल्या, त्यातली कुठली घेऊ?

त्यातली एकही नाही, कारण त्या इथे मिळतच नाहीत. परदेशी बंदुका आयात करायची मुभा सामान्य परवानाधारकाला कित्येक वर्षांपासून नाही. नावाजलेल्या नेमबाजांना तेवढी सवलत आहे. आपल्याकडे ज्या विदेशी रायफली फिरतात त्या जुन्या काळी आलेल्या, आणि त्या एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाताना लाखभरात भागत नाही. म्हणजे डुकरावर चालेल अशी बोल्ट ॲक्शन म्हटली की तुमच्या बजेटाच्या आसपास सरकारी कारखान्यातली देशी .315 उरते. ती घ्यावी का, हा वेगळा प्रश्न. माझं मत विचाराल तर बागेसाठी घेऊ नये. का, ते सांगतो, आणि तरी घ्यायचीच असेल तर काय बघून घ्यायची तेही सांगतो.

मी डिचोलीचा. आजोबांकडे ठासणीची होती, वडिलांकडे एकनळी बारा बोअर (छऱ्यांची बंदूक), ती आता माझ्या नावावर आहे. तज्ज्ञ वगैरे नाही, पण परवान्याचे कागद घेऊन पणजीला किती खेपा घातल्या याचा हिशोब ठेवला असता तर आणखी एक बंदूक आली असती.

आधी कागद, कारण बंदूक दुकानात नाही, परवान्यावर ठरते. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या कलम 13 मध्ये लिहिलंय की पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, यांचा परवाना द्यावा. पिकासाठी ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देऊ शकतो. रायफल या चौकटीत येत नाही, कारण तिच्या नळीत गोळीला फिरकी देणारे आटे असतात. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि 'डुकरं केळी खातात' हे कारण ऐकून कलेक्टर कचेरीतला माणूस तुम्हाला बारा बोअरकडेच वळवणार. त्यात तुमची बाग सत्तरी तालुक्यात. वन्यजीव कायद्याचं कलम 34 सांगतं की अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. म्हादई अभयारण्य 1999 चं, 208 चौरस किलोमीटर. वाळपईत उभं राहून दहा किलोमीटर मोजा, काय उरतं बघा.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तुमच्या मालकीच्या बागेतसुद्धा. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारायची परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने कारण नमूद करून लेखी द्यायची असते. आधी परवानगी, मग बार. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, पहिल्या अनुसूचीतला, मोरही तिथेच. माकडावर तर बंदूक रोखूच नका. आणि 'एअरगनला परवाना लागत नाही' म्हणून पाखरं मारणाऱ्यांनाही सांगा, .177 बोअरची नि वीस ज्यूलच्या आतली एअरगन विना परवाना घरात ठेवता येते, तिने पाखरू मारलं की ती शिकारच.

आता रायफल बागेत का नको. आपल्या बागा आठवून बघा. उतारावर काजू, खाली कुळागर, कुळागराच्या पलीकडे पाणंद, पाणंदीपलीकडे कुणाचं तरी घर. मध्ये पाट, जांभा दगडाचे गडगे. .30-06 सारख्या रायफलीची गोळी हवेत सुटली तर तीन किलोमीटर सहज जाते. साध्या .22 च्या डब्यावरसुद्धा दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. जांभ्यावर आपटलेली गोळी कुठे वळेल ते देवाला माहीत. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत दमतात. मोठे छर्रे त्याहून लांब जातात, तरी रायफलच्या जवळपास नाहीत. आणि डुक्कर तुम्हाला दिसतं कुठे? रात्री, करवंदीच्या जाळीत, वीस-पंचवीस पावलांवर. तिथे तीनशे मीटरवर टिपणारी रायफल म्हणजे तांबडी भाजी चिरायला कोयता. शिवाय रात्री जाळी हलली म्हणून झाडलेली गोळी सोबत्याला लागल्याच्या बातम्या गोवा-सिंधुदुर्गात अधूनमधून येतातच.

माझा आतेभाऊ न्यूझीलंडमध्ये आहे, त्याच्याकडे जपानी होवा रायफल आहे. तिथे हरणं बाहेरून आणून सोडलेली, जंगलाला उपद्रव, म्हणून शिकारीला प्रोत्साहन. आपल्या हिमालयातला ताहर (रानबोकड) 1904 साली तिथे नेऊन सोडला, तोही आता डोंगरभर. 2019 नंतर तिथे बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या) बंद झाल्या, बोल्ट ॲक्शन राहिल्या. तो उघड्या खोऱ्यात दोनशे मीटरवरून मारतो, मागे डोंगराची भिंत असते. तिथलं गणित निराळं. ही उत्तरं वाचणारे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून बाहेर गेलेलेही असतील, त्यांच्यासाठी त्याचाच सल्ला सांगतो: रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस असल्या स्वस्त रायफलींत कंपनीने पैसा नळी नि चापावर घातलाय आणि दस्ता नि मॅगझिन प्लास्टिकचं करून वाचवलाय. गोळी नेमकी जाते, हातात मात्र खेळण्यासारखी वाटते. रायफल स्वस्त घ्या, दुर्बीण स्वस्त घेऊ नका.

बरं, आता .315. समजा तुम्हाला सबळ कारण आहे, किंवा वडिलांकडून वारशाने यायची आहे. (वारशाचा मार्ग खरा सोपा: 2016 च्या नियमांत नियम 25 आहे, धारक वारला तर, किंवा तो सत्तरीचा झाला असेल नाहीतर बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असेल तर हयातीतही, कायदेशीर वारसाच्या नावावर करता येते.) ही रायफल मुळात इंग्रजांच्या ली-एनफिल्डचं नागरी भावंड. .303 लष्कराची गोळी म्हणून सामान्य माणसाला मनाई; म्हणून तोच सांगाडा ठेवून वेगळ्या, आठ मिलिमीटरच्या काडतुसाची नळी बसवली. इछापूरच्या रायफल कारखान्याने आणि पुढे कानपूरने ती बनवली. काडतुसं आपल्याच खडकीची; पितळी बुडावर 'केएफ' (किरकी फॅक्टरी) कोरलेलं असतं. .30-06 पण सरकारी कारखान्यातून निघते, गोळी जास्त वेगवान, पण बागायतदाराला तिचा काहीएक उपयोग नाही, महाग तेवढी.

ली-एनफिल्डचा बोल्ट मला आवडतो, हे कबूल करतो. बोल्ट उचलताना हाताला काही जाणवत नाही, सगळा स्प्रिंगचा जोर पुढे ढकलताना येतो, कारण घोडा (काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारा भाग) बोल्ट बंद करताना चढतो. जर्मन माउझर रायफलमध्ये उलट, बोल्ट उचलतानाच चढतो. ज्याने फक्त व्हिडिओत माउझरच्या जातीच्या रायफली बघितल्यात त्याला .315 हातात घेतल्यावर वाटतं, ही अडकतेय. अडकत नाही, ती तशीच आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे (गाव-नाव राहू दे) एका ओळखीच्यांसाठी जुनी .315 बघायला गेलो होतो. पॉलिश चकचकीत, दस्ता अक्रोडाचा, भाव बरा. मी चिमटीत धरून बोल्ट बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेला. हँडलच्या मुळाशी नंबर होता, सांगाड्यावरही होता. शेवटचे दोन आकडे जुळेनात. नीट बघितलं तर बोल्टवरच्या जुन्या आकड्यांवर कानस फिरवल्यासारखी खरवड, त्यावर नवे आकडे अर्धवट ठोकलेले. विक्रेता म्हणाला, "काय होतं हो त्याने, बसतोय ना?" बसत होता. पण काडतुसाच्या बुडाला असलेली कड नळीच्या मागच्या टोकाशी टेकते, आणि तिच्या मागे बोल्टने किती फट ठेवायची हे प्रत्येक बोल्टगणिक जुळवलेलं असतं. भलता बोल्ट म्हणजे फट जास्त, फट जास्त म्हणजे पितळ ताणतं आणि एखाद दिवशी बुडाजवळ तुटतं. तो वायू मागे येतो, तोंडाकडे. शिवाय नंबर परवान्यावर चढतो. खोडलेला नंबर घेऊन तुम्ही पोलिसांसमोर कुठल्या तोंडाने उभे राहणार? आम्ही चहा पिऊन परत आलो.

तर जुनी बघायला जाल तेव्हा आधी नंबर, मग बाकीचं. विक्रेत्याकडे त्याच रायफलीतून उडवलेलं रिकामं काडतूस असेल तर मागून घ्या; बुडापासून बोटभर वर पितळावर चमकती गोल रेघ दिसली तर रायफल सोडा. बोल्ट काढून मागून नळीत बघा, आटे धारदार दिसले पाहिजेत, खड्डे नकोत. मग नळीचं तोंड. पुढून सळई घालून घालून ते एका बाजूला झिजलेलं असतं आणि मग कितीही नेम धरा, गोळी आपल्या मर्जीने जाते. दस्त्याच्या मानेला, हात धरतो तिथे, नखाने चाचपा. तडा असतो तो तिथेच, आणि पॉलिशखाली झाकलेला असतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या की समजायचं, घरच्या पेचकसाने कुणीतरी उघडलीय.

पावसाचं मात्र मी स्वतः शिकलो, फुकट नाही. 2024 च्या लोकसभेला आदेशाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली. मतदान 7 मेला झालं, आचारसंहिता उठून बंदूक परत हातात येईपर्यंत मृग लागला होता. घरी आणली, पावसात भिजलेल्या त्याच कॅनव्हासच्या कव्हरात तशीच कपाटात ठेवून कुलूप लावलं. चवथीच्या आधी कपाट उघडलं तर कव्हरावर हिरवी बुरशी, आणि नळीवर, अगदी बोटांच्या ठशांच्या आकाराचे, तांबूस डाग. माझेच ठसे. बारीक स्टीलवुल आणि मशीनचं तेल घेऊन दोन संध्याकाळी घासत बसलो, तरी दोन ठसे गेले नाहीत, आजही आहेत. गोव्यात बंदूक कव्हरात ठेवायची नाही, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन उघडी, कुलपाच्या कपाटात, शेजारी सिलिका जेल. आणि खोबरेल लावू नका. आजोबा लावायचे, ते खवट होतं, चिकटतं, बोल्टच्या स्प्रिंगवर बसलं तर घोडा अर्ध्यावर थकतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, परवाना पाच वर्षांचा. परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. काडतुसं एकावेळी किती नि वर्षाला किती ते परवान्यावरच लिहितात, त्यामुळे सरावाला उडवून उडवून नेम सुधारू हा विचार असेल तर तोही सोडा.

तुमच्या जागी मी असतो तर लाखातले बहुतेक पैसे कुळागराभोवतीच्या सौर कुंपणात घातले असते. विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करा, एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा सोबत न्या. झटका बसला की डुक्कर पुढच्या बागेत जातं, हे शेजाऱ्याला आवडणार नाही, पण तो तुमचा प्रश्न नव्हता. कुंपणाची तार थेट घरच्या विजेला जोडू नका, त्याने माणसं मरतात. त्यानंतरही बंदूक हवीच असेल तर एकनळी बारा बोअरसाठी अर्ज करा, आणि कलेक्टर कचेरीत जाण्याआधी वाळपईला वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन तुमचा सर्व्हे नंबर अभयारण्याच्या हद्दीपासून किती लांब पडतो ते नकाशावर बघून घ्या. मी अर्ज केला तेव्हा हे उलट क्रमाने केलं होतं, वर्ष गेलं.