जपानी जॅझ पियानो ट्रायो (पियानो, बास, ड्रम्स) ऐकायचे आहेत, आधुनिक अल्बम कुठून सुरू करू?

पियानोवादक हिरोमी उएहाराचा 'व्हॉइस' (2011) आधी लावा. सोबत दोनच माणसं: सहा तारांच्या बास गिटारवर अँथनी जॅक्सन आणि ड्रम्सवर सायमन फिलिप्स, म्हणजे बराच काळ 'टोटो' या अमेरिकन रॉक बँडमध्ये वाजवणारा. जपानी फक्त हिरोमी, पण संगीत तिचंच. ताल सतत बदलतो, सम पकडायला गेलात की निसटते. आपल्याकडच्या तबल्याची सवय असलेल्या कानांना तर मजाच. एवढ्या धुमश्चक्रीनंतर शेवटी बेथोव्हेनची 'पाथेटिक' ही पियानोरचना येते, ब्लूजच्या अंगानं, अगदी निवांत. मी बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतो. तिचा पहिला अल्बम 'अनदर माइंड' (2003) जास्त उनाड आहे, तो नंतर.

दमछाक झाली तर र्‍यो फुकुईचा 'सीनरी'. आहे 1976चा, त्यामुळे 'आधुनिक' म्हणताना थोडी सूट घेतोय. हा साप्पोरोचा माणूस बाविसाव्या वर्षी पियानोला बसला, तोही स्वतःच शिकत. पुढे चार दशकांनी यूट्यूबमुळे जगभर पोहोचला. ऐकताना विश्वास बसत नाही, इतका हात मोकळा आहे.

रात्री उशिरासाठी त्सुयोशी यामामोतोचा 'मिडनाइट शुगर' (1974). हेडफोन मात्र बरे हवेत.