हळद उडेल, काजळी राहील

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रांचे फोटो मिळाले. आधी सगळे भराभर पाहिले, मग एकेक मोठा करून पाहिला. आजीचं घर विकलं गेल्यावर तू ही मालिका सुरू केलीस आणि ती तुला मनापासून करायची आहे, हे रेषेतच दिसतं. पत्रात तू दोन प्रश्न विचारले आहेस. हे फार वैयक्तिक होतंय का? आणि ज्यांनी ते घर कधी पाहिलेलं नाही, त्यांना यातलं काय कळणार? दोन्हींबद्दल लिहिते, पण आधी तुझ्या साहित्याबद्दल बोलू दे. मला वाटतं तुझी उत्तरं तिथेच आहेत.

मोठ्या आडव्या चित्रात कोळसा आहे, ऑइल पेस्टल आहे, ॲक्रिलिक आहे, हळद आहे, लाल दोरा आहे, आजीच्या हिशोबाच्या वहीच्या झेरॉक्स आहेत, वर्तमानपत्राचे तुकडे आहेत आणि कोपऱ्यात सोनेरी वर्ख आहे. यातल्या प्रत्येकासमोर थांबून विचार: जे काम दुसरं कोणी करू शकत नाही, असं हे इथे काय करतंय? वर्तमानपत्र नुसती जागा भरतंय. वर्ख चमक आणतो, पण त्या घरात सोन्याचं काय होतं, ते चित्रातून कळत नाही. शिवाय स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा स्वस्त वर्ख बहुधा पितळेचा असतो, हवेने तो काळपट-हिरवा पडतो. हे दोन्ही काढून टाक. माध्यमं जास्त म्हणजे चित्र श्रीमंत, ही समजूत कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात असते. ती जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

आता ते छोटं चित्र, जे तू सगळ्यात शेवटी, जवळजवळ संकोचाने जोडलं आहेस. पेन्सिलीत काढलेली स्वयंपाकघराची चौकट, उंबरठा, आणि चौकटीवर कमरेपेक्षा जरा वर हळदीचा एक पुसट हात. बाहेर येताना आजी तिथे हात टेकायची आणि लाकडावर पिवळा डाग पडला होता, असं तू खाली लिहिलं आहेस. या मालिकेतलं हे सगळ्यात चांगलं चित्र आहे. इथे हळद म्हणजे आजीच्या हाताला लागलेलीच वस्तू. पिवळ्या रंगाची ट्यूब उघडून हे साधलं नसतं.

पण हळदीचा स्वभाव तुला माहीत हवा. तिच्यातला रंग, म्हणजे कुर्कुमिन, उजेडात टिकत नाही. खिडकीसमोर लावलेलं चित्र पाहता पाहता फिकं होईल. चुन्याशी गाठ पडली तर हळद लाल होते. आपल्याकडे कुंकू पूर्वी असंच हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची क्रिया करून बनवत. म्हणजे अल्कलीयुक्त कागदावर, किंवा चुनखडीची भर असलेल्या जेसोवर (रंगाआधी देतात त्या पांढऱ्या थरावर), तुझा पिवळा हात तपकिरी-लालसर व्हायला लागू शकतो. याउलट काजळी. ती म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, उजेडाने तिचं काही बिघडत नाही. काजळीच्या शाईने बोरूने लिहिलेले मोडी कागद शेकडो वर्षांनंतरही वाचता येतात ते त्यामुळेच. झेरॉक्सच्या पुडीतला काळा रंगही बहुधा कार्बनचाच, तुझा कोळसाही कार्बनच, पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बनच.

म्हणजे तुझ्या हातात काय आहे बघ. एकाच कागदावर उडून जाणारी वस्तू आणि टिकून राहणारी वस्तू. तुझा विषय आहे गेलेलं घर, आणि ते घर आता ज्यांच्या बोलण्यात राहिलंय ती माणसं. मग या चित्रात काय उडावं आणि काय उरावं, हे तू ठरवायला हवंस. हळदीचा हात दहा वर्षांनी दिसेनासा व्हावा आणि चौकट तेवढी राहावी, असं तुला हवं आहे का? हवं असेल तर ते जाणून कर आणि चित्राच्या मागे पेन्सिलीने तसं लिहून ठेव. नको असेल तर रंगद्रव्य बदल, किंवा चित्र उजेडापासून जप. दोन्ही वाटा मला मान्य आहेत. अजाणता झालेलं मात्र मान्य नाही.

चित्रकार नलिनी मलानी यांनी १९९२ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये थेट भिंतींवर चित्रं काढली. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे त्या कामाचं नाव. पंधरा दिवसांनी त्यावर पांढरा रंग मारला गेला, आणि तसंच ठरलं होतं. विकायला, जपायला काही उरलं नाही. पुसलं जाणं हा त्या कामाचाच भाग होता. जोहान्सबर्गचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांची पद्धत वेगळी. १९८९पासून ते कोळशाने एक चित्र काढतात, कॅमेऱ्याने टिपतात, थोडं पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा टिपतात, आणि टिपलेल्या चित्रांची फिल्म करतात. एका प्रसंगासाठी बहुतेक वेळा एकच कागद. कोळसा कधीच पूर्ण पुसला जात नाही, राखाडी माग राहतो. वर्णभेदाच्या काळातलं आणि त्यानंतरचं दक्षिण आफ्रिकेतलं आयुष्य त्यांनी त्या मागातून दाखवलं. झालेलं पुसता येत नाही हे त्यांना चित्रात वेगळं सांगावं लागलं नाही, कोळशानेच ते सांगितलं. तुझ्या मोठ्या चित्रात आजीची आकृती तू खोडून पुन्हा काढलेली दिसते आणि खोडलेली जागा पांढऱ्या ॲक्रिलिकने लपवली आहेस. का लपवलीस? तो माग मला पाहायचा होता.

आता तुझा दुसरा प्रश्न. लोकांना काय कळणार? त्यासाठी चित्रकार झरीना हाश्मी यांच्याकडे ये. १९३७चा जन्म, अलीगढचा. वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहास शिकवत, त्या स्वतः गणित शिकल्या. १९५९ मध्ये घरचे पाकिस्तानात गेले. झरीना लग्नानंतर बँकॉक, पॅरिस, बॉन, टोकियो असं करत अखेर न्यूयॉर्कला स्थिरावल्या. आयुष्यभर त्यांनी जवळपास एकच विषय धरला, घर. आणि त्यात माणसाचा एक चेहरा नाही. अलीगढच्या घराचा आराखडा त्यांनी पुन्हा पुन्हा काढला. भिंती, अंगण, दारं, एखाद्या गवंड्याला समजावून सांगावं इतकं साधं. १९९९ मध्ये त्यांनी ३६ काष्ठमुद्रांचा, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचा, एक संच केला. प्रत्येक मुद्रेत उर्दूतला एक शब्द आणि त्याच्यासाठी काळी, काटेकोर, भूमितीतली वाटावी अशी एक आकृती. ज्याला उर्दू येत नाही तोही त्या समोर थांबतो.

२००४च्या संचात त्या याच्याही पुढे गेल्या. त्यांची बहीण राणी कराचीत होती. आईवडिलांचं जाणं, घर विकणं, अशा गोष्टींबद्दल राणीने झरीनांना पत्रं लिहिली, पण टपालात टाकलीच नाहीत. पुढे ती पत्रं झरीनांच्या हाती आली. त्यांनी बहिणीचं हस्ताक्षर जसंच्या तसं छापलं आणि त्यावर घरांचे आराखडे आणि नकाशे ठेवले. पत्र पूर्ण वाचता येत नाही. पण कोणीतरी कोणाला तरी खूप काही लिहिलं आणि मधे काहीतरी आडवं आलं, एवढं सगळ्यांना पोचतं. यापेक्षा वैयक्तिक काय असणार? आणि यात स्वतःच्या दुःखाचं प्रदर्शन कुठे आहे? म्हणून ‘फार वैयक्तिक’ या शब्दांना तू घाबरू नकोस. आजीचा रडवेला चेहरा मोठा करून काढलास तर पाहणाऱ्याला तुझ्याबद्दल वाईट वाटेल आणि तो पुढे जाईल. चौकटीवर तिचा हात जिथे टेकायचा ती उंची तू नेमकी दाखवलीस तर त्याला त्याच्या घरातली एक चौकट आठवेल.

नेमकेपणा हवा तो इथे. आजीची उंची किती होती? चौकट सागाची की फणसाची? उंबरठा किती झिजला होता, मधे की एका बाजूला? आई-मावश्यांना विचार, जुने फोटो पाहा, जमलं तर नव्या मालकांची परवानगी घेऊन टेप लावून मोजून ये. प्रभाकर बरवे यांची चित्रं पाहिली असशील. घड्याळ, पान, किल्ली अशा घरातल्या वस्तू त्यांच्या चित्रात इतक्या अचूक आणि तरीही इतक्या अनोळखी दिसतात, त्यामागे वर्षानुवर्षांच्या डायऱ्या होत्या. वस्तूंची टिपणं, रेखाटनं, विचार, सगळं त्यात ते नोंदत राहिले. तूही या मालिकेसाठी एक वेगळी वही ठेव आणि तिच्यात आधी शब्द लिही, चित्र नंतर.

हिशोबाच्या वहीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. झेरॉक्सच्या एका पानावर मला दूध, रॉकेल, वाण्याची उधारी दिसली आणि त्याखाली आजोबांच्या नावापुढे लिहिलेलं एक वाक्यही वाचता आलं. ते वाक्य आजीने कोणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं. तू ते वापरण्याआधी आईशी बोल, आणि मावश्यांशीही. त्या नको म्हणाल्या तर नकोच. हो म्हणाल्या तरी ते वाक्य उघडं ठेवायचं की आराखड्याखाली अर्धं झाकायचं, याचा विचार कर. घरच्यांची गोष्ट चित्रात आणण्याचा हक्क तुला आहे, पण ती गोष्ट एकट्या तुझी नाही.

आता कामाच्या चार गोष्टी.

कागद बदल. सध्याचा पातळ आहे, म्हणून दोरा ओढला तिथे फाटलाय. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा घे. पुण्याला आलीस तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत स्वतः जाऊन कागद हाताळ. १९४०पासून तिथे हाताने कागद बनतो. खळ दिलेला आणि न दिलेला, दोन्ही घे आणि प्रत्येकावर शाईचा एक थेंब टाकून बघ. थेंब जागच्या जागी राहतो की पसरतो, त्यावरून कुठला कागद कशाला ते तुझं तुलाच कळेल.

दोऱ्यासाठी भोकं आधी पाड. कागदाखाली थर्माकोल ठेव, सुई सरळ धर, आणि सगळी भोकं झाल्यावरच ओवायला घे. झरीनांनी १९७०च्या दशकात पांढऱ्या कागदावर नुसत्या सुईच्या टोचण्यांची चित्रं केली. दोरा नाही, रंग नाही, भोकांची सावली तेवढी. तुझ्या दोन चित्रांत मला दोऱ्यापेक्षा ती रिकामी भोकंच जास्त बोलकी वाटली. एका चित्रातला दोरा काढून पाहाच.

झेरॉक्स फेव्हिकॉलने डकवू नकोस. कागद आकसतो आणि नंतर काही सोडवायचं म्हटलं तर सुटत नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज वापर, पाण्याने ओलं केलं की पुन्हा निघतं. पुस्तकबांधणीवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तू घालू नकोस, तांब्याचे क्षार कागद ठिसूळ करतात. झेरॉक्स काढताना साधा कागद न देता तुझा पातळ हातकागद दुकानदाराला दे. बरेच जण तो मशीनमध्ये घालायला तयार नसतात, पण विचारून बघ.

ऑइल पेस्टल कधीच पुरता वाळत नाही आणि त्यावर कोळसा धरत नाही. या मालिकेत त्याची गरज मला दिसत नाही. कोळशाच्या चित्राला फ्रेम करताना ॲक्रिलिकची शीट घालू देऊ नकोस. तिच्यावर स्थिर वीज साठते आणि कोळशाची पूड उचलली जाते. काच घाल, आणि काच चित्राला टेकणार नाही इतका जाड माउंट ठेव. पावसाळ्यात तर हे हवंच. काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी लवकर धरते.

मोठ्या चित्रांची घाई करू नकोस. १९९४-९५च्या हिवाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झोप येत नसे तेव्हा शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांनी रात्री अंथरुणात बसून २२० रेखाटनं केली. हाताला लागेल तो कागद, बहुतेक लाल शाई, एकाच्या मागे काही शब्द तर दुसऱ्यात नुसती नदीसारखी वळणं. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. लहान कागद, कमी साहित्य, रोज. तुझ्या नोकरीच्या वेळा पाहता तुलाही तेच जमेल, आणि खरं सांगायचं तर तुझा हात लहान कागदावरच मोकळा चालतो.

चौकटीचं ते छोटं चित्र पुन्हा कर, वेगवेगळ्या कागदांवर. एकात हळद, एकात हळद आणि चुना, एकात नुसत्या सुईच्या टोचण्या, एकात फक्त काजळी. हळदीचं एक चित्र खिडकीत ठेव आणि एक बंद फाइलीत, दोन्हींच्या मागे तारीख घाल. पुढचे फोटो काढशील तेव्हा उजेड समोरून न देता एका बाजूने दे, नाहीतर टोचण्या दिसत नाहीत. शेजारी पट्टी ठेव, म्हणजे आकार कळेल. आणि आजीची उंची विचारलीस की मला कळव.

तुझी,
बाई