पिसांच्या केराटिनची फिल्म करणाऱ्या नवख्यासाठी

नुसत्या केराटिनची (पिसांतल्या प्रथिनाची) फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा वाळला की पापडासारखा तडकतो, म्हणून जोडीला दुसरा पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) लागतोच. सुरुवात पीव्हीएनं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) कर. ते 80-90 अंशांच्या पाण्यात सतत ढवळत विरघळव, गार झाल्यावरच केराटिन घाल. लवचिकपणासाठी थोडं ग्लिसरीन. जास्त झालं तर फिल्म बोटाला चिकटते. कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरचा) मोह आत्ता नको रे: ते आम्लात विरघळतं, आणि केराटिन साधारण पीएच 4-5 ला साकळतं. गुठळ्याच होतात.

पिसं कोल्हापुरात कुठल्याही चिकनच्या दुकानात मिळतील, पण रक्त-चरबी नीट धुऊन काढ. धनगरांकडची लोकर नंतर बघ. तिच्यात गंधकाचे बंध जास्त, लवकर विरघळत नाही.

पिसं विरघळवायला सोडियम सल्फाइड वापरणार असशील, तर एक लक्षात ठेव: त्याच्या द्रावणात आम्ल ओतलं की विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो. हे काम घरी अजिबात करू नकोस. विद्यापीठाच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली (विषारी वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), कुणीतरी सोबत असतानाच कर.