नव्या विद्यार्थी प्रतिनिधीला

प्रतिनिधी झालास, अभिनंदन. फ्लेक्स नंतर लाव. आधी तुझ्या वर्गात किती जणांचा महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा, स्कॉलरशिपचा अर्ज अडकलाय ते विचार. बहुतेकदा कारण फुटकळ असतं: उत्पन्नाचा दाखला जुना, नाहीतर बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नाही आणि स्कॉलरशिप बुडाली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची; फी कशी भरली ते तिलाच ठाऊक.

पुढे ‘कमवा आणि शिका’त लागलो. सकाळी कॉलेजची बाग, मग तास. हातात झारी असताना वर्गातली मुलं दिसली की झाडाआड व्हायचो. खुळेपणा, दुसरं काय! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’. हे डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं.

एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. काही जण ते झाडू धरून फोटो काढण्यातच भरतात. तू शिबिराच्या सात दिवसांत संध्याकाळी गावातल्या पोरांचा अभ्यास घे.

आणि हो, कुणाला मदत केलीस तर चारचौघांत त्याचं नाव घेऊ नकोस. मेसचे पैसे थकलेला पोरगा उसने मागत नाही, तो जेवायलाच येत नाही. पंगतीत कोण दिसत नाही ते बघत जा.

परीक्षेआधी महिनाभर मात्र सगळी कामं बंद. सरांशी मी बोलतो.