आजीचे गुडघे दुखतात, थोरला बारा वर्षांचा, धाकटी पाचची. नाशिकजवळ सगळ्यांना घेऊन निसर्ग बघायला कुठे जावं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. चार वर्षांपूर्वी आमच्या घरी हाच घोळ होता. सासूबाई एकाहत्तरच्या, मुलगा सात वर्षांचा आणि पुतणी चारची. तुमच्या सासूबाईंना चढवत नाही, मुलगा कंटाळतो, धाकटीला कडेवर घ्यावं लागतं, मग ट्रेक सोडून काय करायचं असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, ठिकाणं कमी करा आणि चालणं तर त्याहून कमी करा.

आम्ही आधी उलटंच केलं होतं. एकाच रविवारी सकाळी पांडवलेणी, दुपारी सोमेश्वरचा धबधबा आणि संध्याकाळी गंगापूर धरण. लेण्यांच्या निम्म्या पायऱ्यांवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसल्या त्या उठेनात. सोमेश्वरचं मुलांना भाजलेलं कणीस सोडून काही आठवत नाही. धरणावर पोचेपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

पुढच्या वेळी पांडवलेणीच्या पायथ्याशी गेलो आणि वर चढलोच नाही. चटई टाकली, डबे काढले. ऑक्टोबर होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. आई बसल्या बसल्या म्हणाल्या, "अगं, हा आघाडा बघ. श्रावणात जिवतीच्या माळेसाठी आपण पैसे मोजून आणतो, आणि इथं नुसता माजलाय." मुलाच्या मोज्यांना त्याच्याच बिया चिकटल्या होत्या. आईंनी त्याला एक तुरा हातात दिला आणि बोट आधी वरून खाली, मग खालून वर फिरवायला सांगितलं. वरून खाली जाताना गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की टोचतं. बिया खाली तोंड करून दांड्याला चिकटलेल्या असतात, म्हणून जाणाऱ्याच्या कपड्यात अलगद अडकतात. "म्हणजे हे झाड माझ्या मोज्यावर बसून फिरायला निघालं?" असं पोरानं विचारलं, आणि पुढचा अर्धा तास तो मोज्यावरच्या बिया मोजत बसला. ऊन उतरल्यावर शेजारच्या टाकळ्याची पानं जोडीजोडीनं मिटायला लागली. ते पुतणीला दिसलं, आम्हा कोणाला नाही. आईंना मात्र त्याच टाकळ्याची कोवळी भाजी आठवली आणि तिची कृतीही आम्हाला ऐकावी लागली.

तेव्हापासून आमच्याकडे झाडाझुडपांचं खातं आईंचं आणि किड्यांचं मुलाचं. आम्ही दोघं हमाल. तुमच्या सासूबाई खेड्यात वाढल्या असतील तर त्यांना अशी पन्नास नावं येत असणार. कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.

पावसाळ्यात लांब जाऊच नका, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ही चौकशी नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय. कमरेला लागलं, छातीला लागलं, अशीच मोजदाद. 1969 आणि 2008 चे पूर आईंनी पाहिलेत. त्या सांगायला लागल्या की मुलं मोबाइल खाली ठेवतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इथं ते कसं चढतं, हेही मुलांना समोर दिसतं. फक्त लांबून, उंचावर उभं राहून बघा. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर पोरांना सोडू नका.

थंडीत एक सकाळ नांदूरमधमेश्वरसाठी ठेवा. निफाड तालुक्यात, शहरापासून साधारण 40 किलोमीटर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे शंभराहून जास्त वर्षांचा बंधारा आहे. त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरं आली. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मुलांना रामसर म्हणजे काय हे सांगत बसू नका, त्यांना जांभळी पाणकोंबडी दाखवा. ती एका पायाने देठ धरते, उचलून चोचीशी नेते आणि सोलून खाते. आई म्हणाल्या, "ही तर शेवग्याची शेंग खातेय!" कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून पानांवरून चालतो. त्यांच्यात अंडी नर उबवतो, हे कळल्यावर आईंनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं ते बघितलंच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी सात-साडेसातला पोचलात तरच मजा. दहानंतर उन्हात पाणी चकाकतं आणि सगळी बदकं काळी दिसतात. दुर्बीण एकच असली तर भांडणं ठरलेली, म्हणून प्रत्येकाने शंभर आकडे मोजायचे आणि पुढच्याला द्यायची. येताना द्राक्षं घ्या, पण धुतल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. बागांवर औषध मारलेलं असतं.

अंजनेरीच्या डोंगरावर जावं का, असंही तुम्ही विचारलंय. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन तुमच्यापैकी एकाने जरूर जा, पण सगळ्यांनी नको, पायऱ्या बऱ्याच आहेत. पाऊस सरता सरता वर फुलं असतात. तिथल्या एका कंदीलपुष्पाला तर या डोंगराचंच नाव मिळालंय, सेरोपेजिया अंजनेरिका. दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका. कड्यांवर गिधाडं दिसली तर तो तुमच्या मुलाचा बोनस.

दोन गोष्टी दटावूनच सांगते. उसाच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यात बिबट्या आहे, हे नाशिककराला नव्याने सांगायला नको. अंधार पडायच्या आत धाकटीला घेऊन गाडीत बसा. दुसरं, लेणी आणि कडेकपारीत आग्या मोहोळ असतं. तिथे धूर नको, दगड नकोत, आरडाओरडा नको.

आणि एक घडीची खुर्ची घ्या, तुमच्या सासूबाईंसाठी. नांदूरला निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या आमच्या आईंना जमल्या नाहीत, म्हणून त्या खाली पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. आम्ही वरून चक्रवाक शोधत होतो आणि खंड्याने मासा धरला तो त्यांच्यापासून दहा पावलांवर. खुर्ची आता डिकीतून निघतच नाही. आई तिला 'माझा मनोरा' म्हणतात.