मॉस्को ते व्लादिव्होस्तोक : अंतर कोणत्या वाटेने, वेळ कोणत्या घड्याळाने?

प्रश्न : मॉस्को आणि व्लादिव्होस्तोक या शहरांमधील अंतर एके ठिकाणी ९,२८८ किलोमीटर, तर दुसरीकडे सुमारे ६,४०० किलोमीटर असे वाचनात आले. शिवाय वेळापत्रक पाहिले तर विमानाला जाताना पंधरा तास आणि येताना दोनच तास लागतात असे दिसते. यात खरे काय मानावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : अंतराचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ९,२८८ किलोमीटर ही ट्रान्स-सायबेरियन रेल्वेमार्गाची लांबी असून तेवढ्याच आकड्याचा स्तंभ व्लादिव्होस्तोक स्थानकाच्या फलाटावर उभा आहे. ६,४०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर होय. नकाशावर व्लादिव्होस्तोक मॉस्कोच्या आग्नेयेला दिसते, पण ही जवळची वाट मॉस्कोहून ईशान्येकडे निघते, साठाव्या अक्षांशाच्याही उत्तरेला जाते आणि मगच दक्षिणेकडे वळते. गोलावर दोरा ताणून पाहिल्यास हे चटकन पटते.

रेल्वेला मात्र एवढी मोकळीक नव्हती. तिला दक्षिण सायबेरियातील शहरे जोडायची होती, बैकाल सरोवराला दक्षिणेकडून वळसा घालायचा होता आणि पुढे चीनची सरहद्द टाळून आमूर नदीच्या खोऱ्यातून खाबारोव्स्कपर्यंत जाऊन तेथून दक्षिणेला वळायचे होते. त्याआधी चीनच्या मांचुरिया प्रदेशातून जाणारा जवळचा मार्ग वापरात होता. परंतु रशिया-जपान युद्धानंतर संपूर्ण मार्ग स्वतःच्या भूमीवरून असावा, ही निकड रशियाला तीव्रतेने जाणवली. १८९१ मध्ये सुरू झालेले हे काम खाबारोव्स्कजवळ आमूरवरील पूल झाल्यावर १९१६ मध्ये पुरे झाले. दोन्ही अंतरांत जवळजवळ २,९०० किलोमीटरचा फरक पडतो तो रेल्वेच्या या वळशांमुळे.

आता वेळेकडे वळू. व्लादिव्होस्तोकचे घड्याळ मॉस्कोच्या सात तास पुढे आहे. मॉस्कोहून सायंकाळी सहाला निघालेले विमान सुमारे सव्वाआठ तासांनी उतरते, तेव्हा मॉस्कोत रात्रीचे सव्वादोन आणि व्लादिव्होस्तोकला सकाळचे सव्वानऊ वाजलेले असतात. म्हणून कागदावर सव्वापंधरा तास दिसतात. परतीला, समोरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे, साधारण नऊ तास लागतात, परंतु सात तास वजा होऊन दोनच उरतात. कोणत्याही दूरच्या प्रवासाचा हिशेब करताना निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ आधी एकाच घड्याळात आणावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

थेट रेल्वेगाडीला सहा ते सात दिवस लागतात. सात दिवस धरल्यास थांब्यांसह सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटरच भरतो. घड्याळ मात्र दिवसाला साधारण तासभर सरकत जाते, त्यामुळे विमानप्रवाशाला होणारा झोपेचा त्रास येथे फारसा जाणवत नाही. आपल्याकडे जुने प्रवासमार्गदर्शक पुस्तक असेल तर त्यातील वेळा जपून वाचाव्यात. पूर्वी सर्व रशियन तिकिटांवर आणि स्थानकांवर मॉस्कोचीच वेळ असे. ऑगस्ट २०१८ पासून मात्र तिकिटांवर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापली जाते.