गेघार्दला ‘लेणी’ म्हणावं का?

प्रश्न असा : आर्मेनियातल्या गेघार्द मठाबद्दल मराठीत लिहिताना ‘गेघार्दच्या गुहा’ म्हणावं की ‘गेघार्दची लेणी’?

लेणी. पण सगळ्या मठाला नाही. गुहा आयती मिळते, लेणं कोरावं लागतं. (सौभाग्यलेण्यातलं लेणं वेगळं, ते अंगावर लेण्याचं. हे ‘लयन’वरून आलेलं, म्हणजे राहायचा आसरा.) मठाचं जुनं नाव ऐरिवांक, म्हणजे चक्क ‘गुहेचा मठ’. येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथे होता, अशी श्रद्धा. त्यावरून पुढे ‘गेघार्द’, भाला.

मुख्य चर्च मात्र घडीव दगडांनी बांधलेलं, १२१५ सालचं, वर घुमट. त्याला लेणं म्हटलंत तर गवंड्यांवर अन्याय. चर्चच्या पश्चिमेला चार खांबांचं दालन आहे, त्याला ‘गवित’ म्हणतात. आपल्या सभामंडपाच्या जवळचं, पण गवितात माणसं पुरायचीही रीत होती. म्हणून मी ‘गवित’च ठेवीन. (गावीत आडनावाशी संबंध नाही!)

गवितातून डोंगरात शिरलं की खरी लेणी. पहिल्याचं नाव ‘अवाझान’, म्हणजे कुंड, कारण आतच झरा आहे. कोरणाऱ्या गाल्झाकचं नावही तिथेच लेखात आहे. इथे मला नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) शिलालेख आठवतो : ‘इदं लेणं कारितं इमा च पोढियो’. लेणं आणि पाण्याच्या पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली टाकी, जोडीनेच. सह्याद्रीत भटकणारे अजून ‘पोढी’ म्हणतात, तेव्हा अवाझानला ‘पोढीचं लेणं’ म्हणायचा मोह मला तरी आवरत नाही.

वरच्या मजल्यावरचं दफनदालन १२८८ सालचं, ज्ञानेश्वरीच्या दोन वर्षं आधीचं. त्याचे चार खांब आणि कमानी बांधकामासारख्या दिसतात. खरं तर भोवतालचा खडक काढून टाकला आणि हे शिल्लक ठेवलं. कार्ल्याच्या चैत्यातही दगडाचे खांब असेच, जणू लाकडी छप्पर पेलताहेत. म्हणून क्रियापद जपा : चर्च ‘बांधलं’, दफनदालन ‘कोरलं’. ‘खोदलं’ विहिरीला ठेवा.

आणि लेणं एक, लेणी अनेक. ‘एक लेणी पाहिली’ लिहू नका. एकूण मठासाठी ‘गेघार्दचा मठ आणि त्यातली लेणी’ पुरे.